लेथच्या ओळींना लावलेले रंग

आधी वहिनींचं सांगते, मग माझं.

वहिनी म्हणजे माझ्या घरमालकांची सून. नात्यानं माझ्या कुणीच नाहीत. माहेर पुण्याचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली, आणि सासर हैदराबादच्या बरकतपुऱ्यातलं हे जुनं बैठं घर, ज्याच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते. आठवड्यातले बरेच दिवस त्या घरूनच काम करतात. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला निवडायला ठेवलेली अंबाडी. मीटिंगमध्ये त्या इंग्रजीत बोलतात, सासऱ्यांशी पुणेरी मराठीत, भाजीवाल्याशी मोडक्या तेलुगूत, आणि वैतागल्या की स्वतःशीच. माझ्यासाठी त्यांनी काय केलं असं त्यांना विचाराल तर म्हणतील, "त्यात काय, रविवारचा टाइमपास." मला विचाराल तर मला एका दमात सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी शाळा नववीत सुटली. त्याला एकच एक असं कारण नव्हतं. आई आजारी होती, घरात धाकटी होती, आधी थोडे दिवस जायचं नाही असं ठरलं आणि मग ते थोडे दिवस संपलेच नाहीत. आमचं गाव आजऱ्याच्या पलीकडं. पुढं कोल्हापूरला शाळा सोडलेल्या मुलींसाठी मशीन चालवायचा कोर्स निघाला, तो केला, आणि कोर्सवाल्यांनीच इथं हैदराबादला, नाचारमच्या कारखान्यात लावून दिलं. गावात कुणी विचारलं तर आई सांगते, "पोरगी हैदराबादला कंप्युटरच्या मशीनवर हाय." ऐकणाऱ्याला वाटतं मी काचेच्या इमारतीत बसते. मी कूलंटचा, म्हणजे लोखंड कापताना वर सोडतात त्या पाण्याचा, वास येणारा निळा कोट घालून सीएनसी लेथपुढं उभी असते.

सीएनसी लेथ म्हणजे काय ते सांगते. साध्या लेथसारखंच, लोखंडाची कांब गरगर फिरते आणि हत्यार तिला सोलत जातं. फरक इतकाच की हत्यार माणसाचा हात चालवत नाही, लिहिलेला प्रोग्राम चालवतो. प्रोग्रामची भाषा अगदी कोरडी. एक अक्षर, त्याच्या पुढं आकडा. जी म्हटलं की कसं जायचं, एक्स आणि झेड म्हटलं की कुठं जायचं, एम म्हटलं की पाणी सोड, पाणी बंद कर, थांब. ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. मी नुसती ऑपरेटर होते. कांब लावायची, दार लावायचं, बटण दाबायचं, निघालेला तुकडा, बहुतेक वेळा शाफ्ट म्हणजे गोल दांडा, मोजायचा. प्रोग्राम लिहिणारा एक जण होता, तो कंप्युटरच्या टेबलावर बसायचा; तो बेंगळुरूला गेला.

तो गेला त्याच आठवड्यात सुपरवायझर सरांनी मला बाजूला बोलावलं. ते इथलेच, तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलतात आणि प्रत्येक वाक्याला 'अम्मा' लावतात.

"अम्मा, प्रोग्राम लिखना आता?"

"कोर्स में सिखाए थे सर. थोड़ा-थोड़ा."

"थोड़ा-थोड़ा से शाफ्ट नई बनता." मग जरा थांबून म्हणाले, "अगले शनिवार नया शाफ्ट चढ़ाना है. तू लिख. बन गया तो वो टेबल तेरा. नई बना तो डिप्लोमावाला लड़का आके बैठता."

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, नाही झालं तर ऑपरेटर आहेच. पण आमच्या मशीनला कांब आपोआप पुढं सरकवणारा फीडर बसणार होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग दार उघडायला आणि बटण दाबायला माणूस कशाला? म्हणजे एक तर टेबल, नाही तर परतीची गाडी. गावाला जाऊन काय करणार होते मी? तिथं लेथ नाही.

रविवारी सकाळी अंगणात, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून मी जुन्या शाफ्टचा छापलेला प्रोग्राम वाचत होते. माझी एक सवय आहे, शाळेपासूनची. वाचताना ओळ निसटते. म्हणून खाली पट्टी धरते. वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"अगं, हे काय वाचतेस पट्टी लावून? दाखव जरा." त्यांनी ओला हात गाऊनला पुसून कागद घेतला. "हा कोड आहे!"

"तुम्ही करता तसला?"

"छे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण कोडच आहे. तू हे कशात लिहितेस?"

"नोटपॅडमध्ये. तिथल्या कंप्युटरवर तेच आहे."

"नुसत्या नोटपॅडमध्ये?" त्यांचा चेहरा असा झाला जसं मी सांगितलं की मी अंधारात तांदूळ निवडते. "सगळं काळं-पांढरं? काय आहे कुठं ते कळतं कसं तुला?"

"म्हणून तर पट्टी."

"चल आत."

आत काका पेपर वाचत होते. काका म्हणजे वहिनींचे सासरे. त्यांचं मूळ घराणं मराठवाड्यातलं, शेतीवाडीचं, पण निजामाच्या काळापासून हैदराबादेत, त्यामुळं त्यांची मराठी ऐकली की मला सुरुवातीला हसूच यायचं. वहिनींनी स्वतःचा जुना लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला तेव्हा काकांनी चष्म्यावरून बघितलं.

"क्या बात है. आता दोन-दोन इंजिनेर घरात. मग चाय कोण करायलंय?"

"तुम्ही, बाबा," वहिनी म्हणाल्या.

"हौ, हौ. नवाबी तर गेलीच, आता चाय पण हमीच करा." आणि खरंच उठून गेले.

वहिनींनी इंटरनेटवरून एक एडिटर उतरवून घेतला. फुकटचा. एडिटर म्हणजे लिहायची जागाच, नोटपॅडसारखी, पण ही जागा लिहिणाऱ्याकडं जरा लक्ष देते. वहिनींनी त्यांचं ऑफिसातलं काहीतरी उघडून दाखवलं. शब्द निळे, आकडे केशरी, कुठं चूक असेल तिथं खाली लाल नागमोडी रेघ. मला एकदम प्रश्न पडला, या एडिटरला कसं कळतं कुठला शब्द कसला आहे ते? तो वाचतो का?

"वाचत नाही," वहिनी म्हणाल्या. "त्याला नमुने दिलेले असतात. असं दिसलं की निळं कर, तसं दिसलं की केशरी कर. अर्थबिर्थ त्याला काही कळत नाही. तुझा टाक बघू यात."

मी एका शाफ्टचा प्रोग्राम पेनड्राइव्हमधून आणला होता, तो टाकला. सगळा एका रंगाचा. काही झालं नाही.

"त्याला ही भाषा येत नाही अजून," त्या म्हणाल्या, आणि शोधायला लागल्या. आमच्या भाषेसाठीही कुणीतरी नमुने करून ठेवले होते. ते टाकल्यावर पडदा एकदम उजळला. मी जवळजवळ ओरडलेच. मग जरा खाली गेलो तर आटे पाडायची जी आमची ओळ असते, तिच्याखाली चूक म्हणून लाल रेघ. चूक नव्हती ती. रोज चालते ती ओळ.

"हे कुठल्यातरी दुसऱ्या मशीनसाठी केलेलं दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

"पण केलं कुणी?"

"कुणीतरी. जगात कुठंतरी बसून. फुकट ठेवून दिलंय."

मी त्या माणसाचा बराच वेळ विचार केला. त्याच्याही अंगाला कूलंटचा वास येत असेल का? त्याची ओळ निसटत असेल का? त्याचं मशीन आमच्यासारखं नव्हतं, पण त्यानं हे का केलं असेल ते मला कळत होतं.

"आपण आपलं करू," वहिनींनी परस्पर ठरवून टाकलं. "अवघड नाही. तू मला सांगायचं, मी लिहायचं. सांग, या सगळ्यात तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मला बऱ्याच गोष्टींची भीती वाटते. फोन वाजला की वाटते, पगाराच्या दिवशी ऑफिसात बोलावलं की वाटते. पण त्या लेथबद्दल विचारत होत्या, आणि लेथचं उत्तर माझ्याकडं तयार होतं.

"जी झिरो झिरो," मी म्हटलं. "म्हणजे रॅपिड, हत्यार पूर्ण वेगानं धावतं. कापत नाही, नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं. मध्ये काय आहे ते बघत नाही. मध्ये कांब आली तर कांबेत घुसतं."

"मग त्याला लाल." त्यांनी लिहिलं. "पुढची भीती?"

"जी झिरो वन. कापत जातं. पण सावकाश, त्यामुळं थांबवायला वेळ मिळतो."

"केशरी."

अशी माझ्या भीतीची उतरंड लागत गेली. पाणी सोडायची आज्ञा निळी, हे मीच सुचवलं. ते न सोडता लोखंड कापलं तर हत्याराचं टोक जळतं. नुसती जागा सांगणारे आकडे पांढरेच ठेवले. कंसातली टिपणं करडी.

बदल साठवून वहिनींनी माझा प्रोग्राम पुन्हा उघडला, आणि जी झिरो वनच्या ओळीसुद्धा लाल! सगळा पडदा लालेलाल. काका चहा घेऊन येत होते, ते पडद्याकडं बघून थबकले.

"अय्यो, खून-खराबा काय झाला हे?"

वहिनी मात्र खुश. मला नंतर कळलं की काही बिघडलं की त्या खुश होतात, कारण मग शोधायला मिळतं. "थांब, थांब, तूच शोध. आपण त्याला काय सांगितलं?"

"जी आणि शून्य दिसलं की लाल."

"आणि जी झिरो वनमध्ये काय दिसतं?"

"जी, मग शून्य, मग..." आणि मला दिसलं. त्यालाही जी आणि शून्य दिसलंच की. पुढं एक आहे हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जितकं सांगितलं तितकंच केलं. लेथ असंच वागते. माझी भीती जरा कमी झाली ती तिथं. म्हटलं, हे मला ओळखीचं आहे, हे आमच्यातलंच आहे.

त्यानंतर रोज शिफ्ट सुटल्यावर वहिनींचं काम आटपलं की आम्ही अर्धा-पाऊण तास बसायचो. मी नवा शाफ्ट लिहायची, त्या शेजारी भाजी निवडायच्या आणि मध्येच विचारायच्या, "हे का?" कधी उत्तर यायचं, कधी नाही यायचं, मग मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात बघून यायची. त्यांनी मला नमुन्यानं शोधायलाही शिकवलं. म्हणजे एखादा शब्द शोधायच्या ऐवजी आकार शोधायचा. बिंदू म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यापुढं तारा म्हणजे तशी कितीही. हे मला जादूच वाटायचं. मी उगाचच शोधत बसायची.

आणि एक दिवस मी इंग्रजीत टिपणं लिहिताना अडखळतेय हे बघून त्या म्हणाल्या, "कंसातलं तुझं मशीन वाचत नाही ना? मग मराठीत लिही की."

"चालतं?"

"एडिटरला सगळं चालतं." त्यांनी अक्षराचा फाँट जरा मोठा करून दिला.

मग काय विचारता. कोर्समध्ये आमचे मास्तर घोकून घ्यायचे, आज्ञेच्या आधी बघ, आज्ञेनंतर बघ. तसं मी सगळं लिहून काढलं. "हत्यार बदलतंय, दाराकडं लक्ष." "हळू, हा भाग बारीक आहे." पाण्याच्या आज्ञेच्या त्याच ओळीत अलीकडं कंसात "नळीचं तोंड बघ" आणि पलीकडं कंसात "पांढरी धार दिसली पाहिजे". आयुष्यात पहिल्यांदा एखादं पान मी पट्टी न लावता वरपासून खालपर्यंत वाचलं. काकांनाही वाचून दाखवलं.

"हे भारी आहे," काका म्हणाले. "लोखंडाशी मराठीत बोलायलीस. हमारे घरात माणसाशी कुणी बोलत नाही."

"बाबा, तुम्ही टीव्ही बंद केला तर बोलू," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी मी एडिटर आणि रंग पेनड्राइव्हमध्ये घालून नेले आणि सरांच्या परवानगीनं तिथल्या कंप्युटरवर बसवले. आठवडाभर सरांना वाटत होतं मी नोटपॅडमध्येच लिहितेय. पडदा बघून म्हणाले, "अम्मा, होली कौन खेला इसमें?"

"समझने के लिए है सर."

"मशीन को समझना मंगता. तेरे को समझके क्या करना?" पण हसत होते. मग घड्याळाकडं बघितलं. "खाने की छुट्टी तक पीस हाथ में चाहिए. नई तो मैं पुराना जॉब चढ़ा देता, पार्टी का माल रुका पड़ा."

पेनड्राइव्ह मशीनला लावला. मशीनच्या लहान पडद्यावर ओळी वर सरकायला लागल्या. नाव आलं, पहिल्या काही ओळी आल्या, आणि टक्कन अलार्म. वाचणं बंद. पुन्हा केलं. पुन्हा तिथंच अलार्म.

"क्या डाली इसमें?" सर म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. मागं दोन ऑपरेटर येऊन उभे राहिले.

परतीची गाडी डोळ्यांपुढं आली, आईला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा मनात तयार व्हायला लागलं. पण त्याच वेळी दुसरं एक डोकं, जे गेला आठवडाभर वहिनींच्या टेबलाशी बसलं होतं, ते विचारत होतं, दोन्ही वेळा तिथंच का? कंप्युटरवर जाऊन बघितलं. ज्या ओळीपर्यंत मशीननं वाचलं होतं तिच्या पुढच्याच ओळीत माझं पहिलं मराठी टिपण होतं.

आम्ही म्हणतो, कंसातलं मशीन वाचत नाही. पण आत घेताना त्याला अक्षर न् अक्षर घ्यावंच लागतं, नंतर सोडून द्यायचं असलं तरी. आणि त्या जुन्या कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या डोक्याला, फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. माझ्या 'हत्यार बदलतंय'पाशी येऊन ते बिचारं घाबरलं होतं. मला त्याचा राग आला नाही. नवीन गावात पहिल्या दिवशी दुकानाच्या पाट्या बघून माझं तेच झालं होतं.

टिपणं काढून टाकायची, बस. पण ती जागोजाग होती. एक-एक करून पुसत बसले तर नजर निसटून भलतंच पुसलं जाईल ही भीती. तेव्हा नमुना आठवला. कंस उघडला, मध्ये काहीही, कंस मिटला. जिथं जिथं असं दिसेल तिथं काहीच ठेवू नकोस. वहिनी शेजारी नसताना मी पहिल्यांदाच लिहिला. बटण दाबलं आणि सगळी टिपणं एका झटक्यात गेली. मागून एक ऑपरेटर म्हणाला, "अरे वा!"

मी उठणारच होते. पण उठता उठता पडद्याकडं एकदा नुसती नजर टाकली, वाचण्यासाठी नाही, रंग बघायला. लाल होते. केशरी होते. निळा कुठंच नव्हता.

सगळ्या प्रोग्राममध्ये पाणीच नाही! पाण्याच्या ज्या आज्ञा होत्या त्यांच्या दोन्ही बाजूंना मी टिपणं लिहिली होती. नमुन्यानं त्या ओळीतल्या पहिल्या टिपणाचा उघडा कंस धरला आणि थेट ओळीतल्या शेवटच्या टिपणाच्या मिटलेल्या कंसापर्यंत सगळं गिळलं, मधल्या आज्ञेसकट. तसंच मशीनवर नेलं असतं तर कोरड्या लोखंडात हत्यार गेलं असतं.

केलेलं परत फिरवलं. टिपणं आली, निळा आला. पण आता काय करायचं ते कळेना. वहिनींना फोन लावला. शनिवार असूनही त्यांची कसलीशी मीटिंग होती हे मला माहीत होतं, तरी लावला. लागलाच नाही. पुन्हा लावला. सर घड्याळाकडं बघत होते, माझ्याकडं मुद्दाम बघत नव्हते.

तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. कुजबुजतच, "मीटिंगमध्ये आहे गं, पटकन बोल."

"वहिनी, नमुन्यानं मधलंसुद्धा खाल्लं. दोन कंसांच्या मधलं."

"आं? हां! अगं, तो अधाशी असतो. जितकं लांब जाता येईल तितकं जातो. ताऱ्याच्या पुढं प्रश्नचिन्ह घाल, मग पहिल्या मिटलेल्या कंसाला थांबेल. कळलं? तारा, लगेच प्रश्नचिन्ह. ठेवते." आणि मग फोन ठेवायच्या आधी कुणालातरी इंग्रजीत, "सॉरी, सॉरी, घरचं अर्जंट आहे" अशा अर्थाचं काहीतरी.

प्रश्नचिन्ह घातलं. बटण दाबलं. टिपणं गेली, निळा राहिला. मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत एकेक रंग बघितला, कुणी काही म्हणो.

मशीननं सगळं वाचलं. मी सिंगल ब्लॉक लावला, म्हणजे एका वेळी एकच ओळ चालते, मग ते माझी वाट बघतं. प्रत्येक लाल ओळीला मी वेगाचं बटण कमी करून हात तिथंच ठेवत होते, मशीनच्या पडद्यावर रंग नव्हते, पण कुठली ओळ लाल हे मला आता पाठ होतं. हत्यार आलं, थांबलं. पाणी सुटलं, पांढरी धार. मग सोलण्याचा तो आवाज, जाड कापड फाडल्यासारखा सलग, आणि दाराच्या काचेवर कूलंटचे शिंतोडे.

शाफ्ट निघाला. सरांनी पुसला, मायक्रोमीटर लावला. इथं मोजलं, तिथं मोजलं, उलटा करून पुन्हा मोजलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच नव्हते, त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते.

"बागुंदी," ते म्हणाले. तेलुगूत चांगलं आहे म्हणायची तीच रीत. मग हिंदीत, "सोमवार से टेबल पे बैठ."

मी "थँक्यू सर" म्हटलं. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कंप्युटरपाशी जाऊन वाकून बघायला लागले.

"ये नीला क्या है?"

"पानी, सर."

"और लाल, रैपिड?"

"हौ सर." माझ्या तोंडून हौ निघून गेलं.

"लाल बरोबर डाली." 'बरोबर' हा एक शब्द त्यांनी मराठीत टाकला, कुठून शिकले होते देव जाणे. "पर तेरा मराठी मैं कैसे पढ़ूँगा? बाजू में तेलुगू डाल." ऑपरेटर हसले. मी मान डोलावली, जणू मला तेलुगू लिहिता येतं.

घरी आले तेव्हा काका दाराशीच होते. माझा चेहरा बघून आत ओरडले, "बहू, पोरगी रडून आली की हसून आली कळेना. तूच बघ."

वहिनींना सगळं सांगितलं. मराठीचं सांगताना त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, माझ्यामुळंच की! मी कशाला सांगितलं मराठीत लिही म्हणून? मला वाटलंच नाही गं पलीकडचं मशीन इतकं जुनं असेल."

"तुमच्यामुळं वाचता आलं," मी म्हटलं. मला आणखी बरंच म्हणायचं होतं.

पण त्या पुढं गेल्या होत्या. लगेच लॅपटॉप ओढून एक लहानसं काहीतरी लिहायला बसल्या. आता मी प्रोग्राम साठवला की त्याच्या दोन प्रती होतात. एक माझी, मराठी टिपणांसकट. दुसरी मशीनसाठी, नुसती आज्ञांची. दोन्हीत आज्ञा तितक्याच आहेत का हेही ते मोजून सांगतं. आज टेबलावर बसते तेव्हा तेच वापरते. फीडर बसला आहे. तो कांब सरकवतो, मी लिहिते.

ते लिहून झाल्यावर वहिनी मागं टेकून बसल्या आणि मला प्रश्न विचारायला लागल्या. सोलताना जे निघतं ते कसं असतं, कुरळं? गरम असतं? वास येतो? शाफ्ट हातात घेतला की जड लागतो का? मी सांगत होते, पण सांगून पुरत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं कोड लिहितेय. माझ्या कोडनं कधी काही हललं नाही गं. म्हणजे खरंखुरं, लोखंड वगैरे. तुझ्या त्या प्रोग्रामातला तो लाल रंग माझा आहे थोडा, हो ना? मला तो धावताना बघायचाय."

मी सोमवारी सरांना विचारलं. बाहेरच्या माणसाला मशीनपाशी नेता येत नाही. अपघाताची जबाबदारी असते, नियम बरोबरच आहे. वहिनींना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "अगं ठीक आहे, मी सहज म्हटलं." पण त्या सहज म्हणत नव्हत्या. त्यांचे प्रश्न मला आता ओळखता येतात.

वहिनी, तुम्ही हे वाचणार, म्हणून इथं लिहूनच ठेवते. आत कुणाला आणायचं हे ठरवायची मुभा ज्या दिवशी मला मिळेल, या कारखान्यात किंवा दुसऱ्या कुठल्या, त्या दिवशी सगळ्यात आधी मी तुम्हाला नेईन. चप्पल घालून यायचं नाही, बंद बूट लागतात, केस बांधायचे, ओढणी नको. काचेच्या अलीकडं उभं राहायचं. मी तुमच्यासाठी एक शाफ्ट काढीन, घाई न करता, आणि तो निवला की पुसून तुमच्या हातात देईन, म्हणजे जड लागतो का ते तुम्हीच सांगाल. एवढं देणं मी तुमचं लागते, आणि ते मी फेडणार आहे.